काळी मूठ, लाल मूठ

ओट्यावर एक चकचकीत चौकोन उरला होता. ओटा तसा सगळाच काळ्या ग्रॅनाइटचा. पण शेगडी जिथे चौदा वर्षं बसली होती तेवढाच तुकडा नवाकोरा राहिला होता आणि बाकीचा माझ्याच हातांनी पुसून पुसून राखाडी झाला होता, हे मला त्या शनिवारी सकाळी कळलं. माझ्या मुलाने, निशांतने, शेगडी उचलून खाली गाडीच्या डिकीत नेऊन ठेवली, सिलिंडरचं रेग्युलेटर काढलं आणि म्हणाला, एका दिवसाचा तर प्रश्न आहे आई, चहा बाहेरून मागवू. एका दिवसाचा, कारण रविवारी सकाळी तो मला पुण्याला घेऊन जाणार होता. पाहुणी म्हणून नाही, कायमची. करंजाड्यातला हा फ्लॅट भाड्याने द्यायचा, मला वाकडच्या त्याच्या घरात पूर्वेकडची खोली, सून गीतांजली घरूनच काम करते म्हणजे दिवसभर कुणीतरी लक्ष ठेवायला. लक्ष ठेवायला! एकोणतीस वर्षं जासईच्या कंटेनर यार्डात मी गेटवर बसून ट्रकवाल्यांवर लक्ष ठेवलं, आणि आता माझ्यावर लक्ष. मी त्या चौकोनावर तळहात ठेवला. गार लागला. डोळे भरून आले, आणि लगेच स्वतःचाच राग आला. शेगडीसाठी रडतेस होय गं राजश्री? नवरा गेला तेव्हा तर दहा माणसांचा चहा करत उभी होतीस. पण तेव्हा चहा करायला शेगडी होती, हेही खरंच.

झालं होतं ते सांगून टाकते, लपवण्यासारखं आता काही उरलेलं नाही. फेब्रुवारीतली दुपार. दूध तापत ठेवलेलं, ते उतू गेलं, आच विझली आणि गॅस तसाच सुरू राहिला. राहीबाई आमच्या इमारतीत मासे घेऊन येते, तिला जिन्यात वास आला. दार नुसतं लोटलेलं होतं. तिने आत येऊन आधी बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या, मग मला शोधत आतल्या खोलीत आली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, 'मॅडम, नाकाला काय झालाय तुमच्या? घर पेटला असता ना.' ती कुणाला बोलली नाही, पण वास सगळ्या मजल्यावर गेला होता, सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडले, आणि संध्याकाळच्या आत पुण्यात निशांतला कळलं. रात्री दहाला तो दारात. त्याचा चेहरा पाहून मला त्याच्या लहानपणीचा ताप आठवला, तसेच डोळे. म्हणाला, आई, तू होतीस कुठे? मी म्हटलं, पडले होते, डोळा लागला. खोटं बोलले. बासष्टाव्या वर्षी पोटच्या पोराशी शाळकरी मुलीसारखी खोटं बोलले, आणि तिथून सगळं बिनसलं.

कारण त्याने मला पनवेलच्या एका डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर चांगला होता, आवाजही मऊ. त्याने तीन शब्द सांगितले, मग शंभरातून सात सात वजा करायला लावले, मग घड्याळाचं चित्र काढायला लावलं, आणि मग अगदी सहज विचारलं, मघाशी कुठले तीन शब्द सांगितले होते? आंबा, मी म्हटलं. सायकल. आणि तिसरा शब्द आला नाही. टेबलावरचा पेपरवेट पाहिला, खिडकी पाहिली, डॉक्टरचा चष्मा पाहिला. नाहीच. निशांत शेजारी बसून ऐकत होता, त्याने मान खाली घातली. डॉक्टर म्हणाला, या वयात होतं, सहा महिन्यांनी पुन्हा बघू. पण निशांतने सहा महिने ऐकलेच नसावेत, त्याने 'होतं' एवढंच ऐकलं. आणि मी? मी तेव्हापासून भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना त्या शब्दाच्या मागे आहे. निशांतला विचारलं असतं तर त्याने सांगितला असता. नाही विचारला. भीती वाटत होती. तो शब्द ऐकूनही ओळखीचा वाटला नाही तर काय, ही भीती. ही मी कुणाला सांगितली नाही, रात्री स्वतःलाही सांगायचं टाळत होते.

आणि खरी गोष्ट अशी, की त्या दुपारी मी झोपलेली नव्हते. मी उणे चार अंशात होते. आतल्या खोलीत निशांतचा विमान चालवायचा खेळ आहे. त्याला खेळ म्हटलेलं आवडत नाही, तो सिम्युलेटर म्हणतो. लॉकडाऊनमध्ये तो इथून काम करायचा तेव्हा त्याने हौसेने जमवला: मोठा पडदा, हातात धरायचं सुकाणू, किल्लीची एक पट्टी, आणि उजव्या हाताला आत-बाहेर सरकणाऱ्या दोन मुठी. काळी मूठ म्हणजे रेस. लाल मूठ म्हणजे पेट्रोल, आत ढकलली की इंजिनाला जातं, पूर्ण बाहेर ओढली की बंद. पुण्याला गेला तेव्हा सगळं इथेच ठेवून गेला. एकदा पुसता पुसता माझ्या हातून बटण दाबलं गेलं आणि पडद्यावर पहाडातली एक छोटी धावपट्टी आली, जानेवारीची सकाळ, कडेला बर्फ, आणि मधोमध चार माणसांचं एक पांढरं विमान, पंखा थांबलेला, काचेवर दव गोठलेलं. कोपऱ्यात तापमान: उणे चार. बाहेर करंजाड्यात छत्तीस. मला बंद यंत्र बघवत नाही, हा माझा जुना रोग आहे. भिंतीवर निशांतने इंग्रजी यादी चिकटवली होती, एकोणीस ओळींची. यार्डात मी चाळीस कलमांचे फॉर्म डोळे झाकून भरलेत, एकोणीस ओळींना मी काय भिणार? तेव्हापासून रोज बसते. उडायला नाही. उडायचं मनातही आलं नाही. नुसतं ते गारठलेलं इंजिन सुरू करायचं, पंखा फिरताना बघायचा, तेलाचा काटा हिरव्यात येईपर्यंत ऐकत बसायचं आणि बंद करायचं. एवढंच सुख. फेब्रुवारीतल्या त्या दिवशी कानाला हेडफोन होते, खोलीचं दार लोटलेलं, म्हणून दूध ऐकू आलं नाही, वासही आला नाही. पण हे पोराला कसं सांगायचं? आई गॅसवर दूध ठेवून विमान चालवत होती! त्यापेक्षा डोळा लागला बरा, असं वाटलं. आणि मग डॉक्टरकडे तो शब्द गेला, आणि माझं मलाच कळेना की खरं काय. हेडफोनमुळे ऐकू आलं नाही, की दूध ठेवलंय हेच डोक्यातून गेलं होतं? यादी समोर असली की इंजिन सुरू व्हायचं. यादी झाकून मी सात वेळा प्रयत्न केला होता, सातही वेळा काही ना काही राहिलं होतं.

दुपारी जेवण झालं, बाहेरून मागवलेलं, पनीरचं काहीतरी. निशांत खोकी घेऊन आतल्या खोलीत गेला. टेपचा चरचर आवाज यायला लागला. मी दारात उभी राहिले. तो टेबलाखाली शिरून वायरी सोडवायच्या तयारीत होता, सदरा पाठीला चिकटलेला, आणि मानेमागे केस विरळ होत चाललेले, अगदी बापासारखे. त्या क्षणी मी मनाशी ठरवलं. ठरवलं म्हणजे पैजच लावली, स्वतःशीच. यादीकडे न बघता हे इंजिन सुरू झालं तर मी या घरातून हलणार नाही, कुणी काही म्हणो. नाही झालं तर मुकाट्याने गाडीत बसेन, पूर्वेकडच्या खोलीत राहीन, गीतांजली देईल तो चहा पिईन आणि पुन्हा तोंडातून शब्द काढणार नाही. मी म्हटलं, 'निशांत, थांब. आधी मला एकदा सुरू करू दे.'

तो टेबलाखालून म्हणाला, काय सुरू करू दे? विमान, मी म्हटलं. त्याचं डोकं टेबलाला आपटलं. बाहेर येऊन तो माझ्याकडे असा बघायला लागला की मला वाटलं आता हा पुन्हा डॉक्टरला फोन लावतो. मग मी सगळं सांगितलं, उभ्या उभ्या, एका दमात: दूध, हेडफोन, उणे चार, खोटं. फक्त पैज सांगितली नाही. तो पलंगावर बसला. रागावला नाही, ते जास्त वाईट. हळू आवाजात म्हणाला की आई, हे अवघड आहे गं, हे साधं खेळण्यातलं विमान नाही, यातलं इंजिन अगदी खऱ्यासारखं वागतं, पेट्रोल कमीजास्त झालं तरी अडून बसतं, बॅटरी उतरते. मी भिंतीवरची यादी काढली, घडी केली आणि त्याच्या हातात दिली. खुर्चीवर बसले. समोर बर्फ. पाठीमागे घरातला पंखा गरगरतोय तरी मानेवरून घाम ओघळतोय.

बॅटरी चालू. पडद्यावरचे दिवे लागले, कुठेतरी बारीक गुणगुण सुरू झाली. काळी मूठ नखाएवढी आत. पंप चालू. मग लाल मूठ पूर्ण आत, पेट्रोलचा काटा वर चढेपर्यंत, आणि तिथून मनात मोजायचं. मी मोजायला लागले, आणि मोजता मोजता पनवेलला पोचले. त्र्याण्णव सालचा डिसेंबर, भाड्याच्या खोलीपुढचा बोळ, आणि आमची हिरवी स्कूटर. चालवायची मी. धम्मपाल जासईच्याच शाळेत मास्तर, पण त्याला दोन चाकांवर तोल कधी साधला नाही, म्हणून बायको पुढे आणि नवरा मागे, मांडीवर दोन डबे, असे आम्ही निघायचो. बोळातली माणसं हसायची. एक जण रोज विचारायचा, काय मास्तर, आज तरी हँडल मिळालं का? धम्मपाल म्हणायचा, मला चालवायला ती आहे, तुम्हाला कोण आहे? असा माणूस. स्कूटर सकाळी गार असली की आधी इंजिनाच्या अंगाला तिरकी करायची, पेट्रोल उतरू द्यायचं, पाच मोजायचे, मग किक. आणि डिसेंबरात दहा. डिसेंबरात पाचने भागायचं नाही. सात, आठ, नऊ, दहा. मी लाल मूठ बाहेर ओढली, पंप बंद केला, किल्ली फिरवली.

पंखा फिरला. पेटला नाही. घर्र घर्र घर्र, आणि काही नाही. किल्ली सोडली. पुन्हा. घर्र घर्र. आणि तेव्हा मला कळलं मी काय केलं ते. यादीत पाचपर्यंत होतं, तीन ते पाच. मी डिसेंबराचे दहा मोजले होते, स्कूटरचे. बस, संपलं. आठवलं तर सगळं, पण भलत्याच ठिकाणचं आठवलं; आणि म्हाताऱ्या माणसांचं असंच तर होतं, कालचं आठवत नाही आणि तीस वर्षांपूर्वीचं आजच्या जागी येऊन बसतं. वाकडची पूर्वेकडची खोली डोळ्यांसमोर आली, तिच्या खिडकीची जाळी, गीतांजलीचा गोड आवाज, आई, काही हवंय का? मला रडू नको होतं. निशांत मागे येऊन उभा राहिला होता. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, फार मायेने, आणि दुसरा हात माझ्या पुढून कॉम्प्युटरच्या बटणाकडे नेला. म्हणाला, राहू दे आई. एकदा असं झालं की ते सुरू होत नाही. मीसुद्धा सगळं बंद करून पुन्हा पहिल्यापासूनच लावतो.

तू पहिल्यापासून लावतोस? माझ्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं. इंजिनिअर झालेला माझा मुलगा, इतकी वर्षं, एकदा पेट्रोल जास्त झालं की खेळच बंद करून नवा मांडत होता. आमची स्कूटर त्याला कळायच्या आतच विकली गेली, त्याने ती कधी तिरकी केलेली पाहिली नव्हती. बोळात सदरा काढून घाम पुसणारा बाप पाहिला नव्हता. मला हसू यायला लागलं, आतून, अगदी पोटातून. मी त्याचं मनगट धरलं.

'हात काढ. ओव्हर झालंय फक्त. बंद पडलेलं नाही.'

स्कूटर ओव्हर झाली की काय करायचं हे पनवेलमधल्या कुठल्याही पोराने सांगितलं असतं. पेट्रोलचा कॉक बंद. रेस पूर्ण पिळायची. आणि किकवर किक, जास्तीचं पेट्रोल उडून जाईपर्यंत. इंजिन ठोका द्यायला लागलं की कॉक उघडायचा आणि त्याच वेळी रेस कमी करायची. दोन हात पुरायचे नाहीत, म्हणून धम्मपाल डबे बगलेत धरून सीटखाली वाकायचा, कॉकवर बोटं ठेवून, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहायचा. मी म्हणायचे, सोड. तो सोडायचा. ती स्कूटर होती तोवर त्याने एकदाही आधी सोडलं नाही, एकदाही उशीर केला नाही. यादीत हे असेलही, उलट्या बाजूला बारीक अक्षरात. मी ती बाजू कधी वाचली नव्हती.

लाल मूठ पूर्ण बाहेर आहे ना, बघितलं. पंप बंद आहे, बघितलं. काळी मूठ मी सगळी आत ढकलली, पार टोकापर्यंत, आणि निशांत मागून जवळजवळ ओरडला की आई फुल रेस नको. मी म्हटलं, 'इकडे ये. लाल मुठीवर हात ठेव. मी सोड म्हणेन तेव्हा आत ढकलायची, सावकाश, पण थांबायचं नाही. आधी नाही.' तो माझ्या उजव्या बाजूला गुडघ्यावर बसला, मूठ धरली, आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागला. अगदी तसाच. माझा डावा हात किल्लीवर, उजवा काळ्या मुठीवर. त्या खोलीत तेव्हा किती माणसं होती ते मी सांगू शकत नाही.

किल्ली फिरवली. घर्र, घर्र, घर्र. बॅटरी उतरत चाललेली, आवाज जड झालेला, पंख्याचं प्रत्येक पातं वेगळं दिसायला लागलेलं. निशांतचा श्वास मला ऐकू येत होता. घर्र. घर्र. मनात कुणीतरी म्हणत होतं, सोड आता, सोड, आणि मी म्हणत होते, अजून नाही. घाई केली की पुन्हा ओव्हर. हे हाताला माहीत होतं, डोक्याला विचारायची गरज नव्हती. मग एक ठोका. एकच, आतून कुणी दार वाजवावं तसा. मग दुसरा.

'सोड.'

त्याने ढकलली. मी काळी मूठ मागे ओढली. इंजिन खोकलं, हललं, धुराचा एक लोट बर्फावर गेला, आणि पंखा दिसेनासा झाला. सुरू झालं! सगळी खोली त्या आवाजाने भरली, आज हेडफोन नव्हते, टेबलावरचा पाण्याचा ग्लास थरथरत होता. मी तेलाच्या काट्याकडे बोट दाखवलं. तो हलला, चढला, हिरव्यात गेला. मी हात वर केले, दोन्ही, यार्डात शेवटचा ट्रक गेटबाहेर गेला की करायचे तसे. मला इतका आनंद झाला होता की तो लपवावा असंही वाटलं नाही. निशांत अजून गुडघ्यावरच होता. म्हणाला, हे तू कुठे शिकलीस? मी म्हटलं, तुझ्या बापाबरोबर, बोळात. आणि मग त्याला पैज सांगितली. म्हटलं, 'मी येत नाही रे. दिवाळीला येईन, चार दिवस. जा, शेगडी वर आण.'

त्याने वाद घातला, घातला नाही असं नाही. गॅस गळती झाली की वाजणारं यंत्र बसवायचं, दूध ठेवलं की हेडफोन नाही, रोज सकाळी फोन. मी सगळं कबूल केलं, वाजवी होतं. तो खाली गेला. लिफ्टमधून शेगडी दोन्ही हातांत धरून आला, ओट्यावरच्या चौकोनात ठेवली, तेवढ्यातच बसली ती. रेग्युलेटर लावलं, साबणाचा फेस करून नळीच्या दोन्ही टोकांना लावला आणि बुडबुडे येतात का ते वाकून बघत राहिला. मी दूध ठेवलं. तिथून हलले नाही. दूध कडेने थरथरलं, वर यायला लागलं, आणि मी बटण बंद केलं. चहा झाला. आम्ही दोघं स्वयंपाकघरातच जमिनीवर बसून तो प्यालो, फरशी गार होती. मी म्हटलं, आता सांग, डॉक्टरने तिसरा शब्द कुठला सांगितला होता? त्याने कप खाली ठेवला. छताकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं. आंबा, म्हणाला. सायकल. आणि थांबला. कान लाल झाले त्याचे. मी इतकी हसले की चहा सांडला, आणि मग तोही हसायला लागला. दोघांचा शब्द हरवला होता, मग हरवू दे की.

हसणं थांबल्यावर घर शांत झालं, आणि त्या शांततेत आतल्या खोलीतला आवाज नीट ऐकू आला. निशांतने कान टवकारले. त्याच्या डोळ्यांत ती जुनी भीती परत आलेली मला दिसली, फेब्रुवारीतली.

'आई, आत इंजिन चालूच राहिलं.'

'राहिलं नाही, मी ठेवलंय. गारठलेलं होतं ना इतके दिवस. तापू दे नीट. चहा झाला की तू आणि मी ते उडवून बघू.'